सुंदराबाईच्या गाडग्यातली जवारी

शेतकी खात्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. पायजम्याला कुसळं चिकटतात ना, तसे ते चिकटतात. नुसतं बांधावरून चालत गेलात तरी घरी येईपर्यंत दहा-पाच लागलेले असतात, आणि उपटायला बसलात की बोटाला टोचतात.

आम्ही चार-पाच रिटायर मंडळी गंगाखेडात सकाळी एका हॉटेलात चहाला जमतो. कुणीतरी हटकून म्हणतंच, "साहेब, तो बोर्डाचा किस्सा होऊ द्या!" मी सांगतो. लोक टेबल बडवून हसतात. मीही हसतो. पण त्या किश्श्याच्या मागंपुढं आणखी आहेत, ते कुणी मागत नाही. आज सगळे ओळीनं सांगणार आहे. मधेच "चला, निघतो" म्हणालात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

गाव राणीसावरगावच्या पुढं दोन कोसांवर. नाव घेत नाही, तिथली माणसं अजून नांदतायत. साल सत्तर. मी शेतकी असिस्टंट, नवाकोरा, पायात बूट आणि डोक्यात नुसतं पुस्तक. काम एकच. गावठी जवारी घालवायची आणि हायब्रीड आणायची. शेणखत मागं पडलं, आता युरिया म्हणायचं. वरून टार्गेट यायचं आणि खाली आम्ही होतो.

*

पहिली सभा चावडीपुढं. पन्नासेक कास्तकार, मागं पाच-सहा बाया. मी युरियाची पिशवी फोडली आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. भाषण तर असं ठोकलं की स्वतःच्याच प्रेमात पडलो! जमिनीची ताकद, दुप्पट उतारा, देशाची भूक, सगळं आलं त्यात.

लोक हात बघत बसलेले. मागच्या बायांतली एक उठली. पन्नाशीची, काटक, डोक्यावरचा पदर घट्ट. तिनं तळहात जिभेला लावला.

"अहो मावशी, खायचं नाही ते!" मी ओरडलो.

ती थुंकली. म्हणाली, "तोंड कोरडं पडलं की ओ साहेब. जमिनीला लय तहान लागंल ह्येनं. पानी कुठून आननार हाव?"

सभा हसली. मला राग आला. मी म्हणालो, "पाऊस आहे ना!"

"हाय की," ती म्हणाली, "तुमचा नौकर हाय त्यो?"

ही सुंदराबाई. बौद्ध वस्तीतली. तिचा नवरा लिंबाजी, आणि दोघांची मिळून चार एकर हलकी जमीन. एकच लेक, ती सोनपेठला दिलेली. सभा संपल्यावर मी पाटलांना म्हणालो, "ही बाई फार बोलते हो." पाटील म्हणाले, "ती बोलती ते सोडा, तिची जवारी बघा एकदा." मी काही बघितली नाही.

*

पुढच्याच आठवड्यात हायब्रीडच्या पिशव्या घेऊन घरोघर फिरलो. सुंदराबाईच्या घरात वाकून शिरलो तर चुलीच्या वर आढ्याला जवारीची कणसं टांगलेली. धुरानं काळी झालेली. शेजारी शिंक्यात एक गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"हा काय कचरा मावशी?"

लिंबाजी बाजेवर बसून दोर वळत होता. मितभाषी माणूस. त्यानं दोर बाजूला ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तुमी तिला कायबी बोला, मला बोला, पर त्येला कचरा म्हनू नका. मला भाकर मिळायची न्हाई आज."

मग तिनं सांगितलं. तिची सासू दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायची. काढणी झाल्यावर मागं पडलेली कणसं गोळा करायची, ती बाकीच्यांसारखी. पण सगळी खायची नाही. टपोऱ्या दाण्याचं एखादं कणीस बाजूला ठेवायची. स्वतःची जमीन आली तेव्हा तेच पेरलं. सुंदराबाई नांदायला आली आणि ते काम तिच्याकडं आलं. काढणीच्या आधी ती उभ्या पिकात फिरायची, एकेका धाटापुढं थांबायची, आणि हवी ती कणसं खुडून आणायची. धुरानं कीड लागत नाही. उन्हाळ्यात मळून राख आणि कडुलिंबाचा पाला घालून गाडग्यात. दरसाल त्यातलं अर्धं पेरायचं, अर्धं ठेवायचं. ठेवलेल्याला घरात कुणी हात लावायचा नाही, पोटात आग पडली तरी.

मी म्हणालो, "आता याची गरजच नाही मावशी. हायब्रीडचं बी घरी ठेवायचंच नसतं. दरवर्षी नवं घ्यायचं."

"कुटून?"

"सरकारची गाडी येते ना."

"अन् एका वर्षी न्हाई आली तर?"

मी इतका हसलो, इतका हसलो! सरकारची गाडी येणार नाही! घरी जाऊन आईलाही सांगितलं. आई मात्र हसली नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

*

आता बोर्डाचा. हाच तो.

पाटलांच्या रानात माझा प्रात्यक्षिक प्लॉट होता. हायब्रीड, युरियाचा पूर्ण डोस, आणि बांधावर मोठा पत्र्याचा बोर्ड, त्यावर माझं नाव. डोस दिला आणि पावसानं वीस-बावीस दिवस तोंड दाखवलं नाही. प्लॉट करपून गेला. बघवत नव्हता. आणि निरोप आला की परवा मोठे साहेब जीपनं येणार.

मी रडकुंडीला आलो. आमच्या ऑफिसातले पेशकार, म्हणजे कारकून, मुरलेले, पानाचा डबा उघडत शांतपणे म्हणाले, "अहो, प्लॉट हलवता येत न्हाई. बोर्ड येतो की!"

शेजारीच सुंदराबाईचं रान. तिनं उन्हाळ्यात लेंडीखतासाठी धनगराची मेंढरं बसवली होती, वर उकिरड्याचं खत. त्याच वीस-बावीस दिवसांत तिची गावरान जवारी नुसती डुलत उभी होती. मी आणि पेशकारांनी बोर्ड उपटला आणि तिच्या बांधावर ठोकला. ती बघत होती. म्हणाली, "राहू द्या, पाखरं तरी भितील."

साहेब आले. गॉगल, हॅट. जवारी हॅटच्या वर दोन हात! साहेब मान मागं टाकून बघतायत. आता हायब्रीड कमरेएवढं, फार तर छातीएवढं असतं, हे शेंबड्या पोराला माहीत. साहेब म्हणाले, "एक्सलंट! डोस किती दिला?"

"शिफारशीप्रमाणे सर."

"फोटो काढा!"

फोटो निघाला. मी, साहेब, बोर्ड. सुंदराबाई माझ्या कानाशी येऊन विचारते, "लय मोठा साहेब हाय का ह्यो?"

"हो मावशी, हळू बोला."

"मग जवारी वळखीत कसा न्हाई?"

इथपर्यंत सांगून मी चहाच्या टेबलावर थांबतो, आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पुढचं आज सांगतो. त्या फोटोवर रिपोर्ट गेला. ह्या गावात हायब्रीडचा विशेष रिझल्ट, सबब पुढल्या हंगामात अख्खं गाव घ्यावं. मला अभिनंदनाचं पत्र आलं. ते मी आईला वाचून दाखवलं. आणि पुढच्या वर्षी गावातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला मी हायब्रीड पेरायला लावलं. कुणाला गोडीनं, कुणाला तगाईचं कर्ज अडेल म्हणून दटावून. ऐकलं नाही ते एकाच घरानं.

*

हायब्रीड लवकर तयार होतं, ही त्याची मोठी तारीफ. मी सभेत तीच केली होती. पण लवकर तयार होतं म्हणजे परतीच्या पावसात सापडतं, हे पुस्तकात बारीक अक्षरात असावं. कणसं भरली आणि वर पाऊस बसला. दाणा काळा पडला. पोत्यात हात घातला की हाताला काळं लागायचं.

पाटलांनी मला जेवायला बोलावलं. पाटील म्हणजे अठ्ठावीस एकरवाला माणूस, मिशीला पीळ. ताटात दोन भाकरी, राखेच्या रंगाच्या. ठेचा, कांदा. पाटलांच्या स्वतःच्या पुढं ताट नाही.

"तुम्ही बसा ना पाटील."

"तुमी आनलीय, तुमी पैल्यांदा."

मी खाल्ल्या. कडवट, घशात फिरणाऱ्या. दोन्ही खाल्ल्या, करता काय!

"कशी हाय?"

"बरी आहे."

"बरी हाय न्हवं? वाढा गं साहेबाला तिसरी!"

तिसरीही खाल्ली. मग पाटील हात धरून गोठ्यात घेऊन गेले. बैलापुढं हायब्रीडचा कडबा, बुटका, काटकुळा. बैलानं हुंगून तोंड फिरवलेलं. पाटील मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, पण तेव्हा हळू बोलले. म्हणाले, "साहेब, ह्येला तर काय सांगता बी येईना."

त्या वर्षी गावात काय झालं सांगतो. काळी जवारी तोंडात धरवेना म्हणून लोकांनी घरातली जुनी गावरान आधी खाऊन संपवली. पेवातली, कणगीतली, कोपऱ्यातली. बियाचीसुद्धा. बी कशाला ठेवायचं, गाडी येणार होती ना! ते वाक्य माझंच होतं. होळीपर्यंत अख्ख्या गावात गावरान जवारीचा दाणा राहिला तो एका शिंक्यातल्या गाडग्यात.

आणि पुढचं वर्ष बहात्तर.

*

दुष्काळाचं वर्णन करत नाही. ज्यांनी बघितलाय त्यांना नको, आणि नाही बघितला त्यांना कळायचं नाही. सुंदराबाईनं नेमाप्रमाणं अर्धं बी पेरलं होतं, ते वाळून गेलं. गाडग्यात राहिली दहा-बारा शेर.

गावाजवळ रस्त्याचं काम निघालं. गिट्टी फोडायची. सगळं गाव तिथं, पाटलांच्या घरच्या बायासुद्धा तोंडावर पदर ओढून. सुंदराबाई आणि लिंबाजीही जायची. ती रोज येताना डोक्यावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणायची, दगडाच्या आडोशाला ठेवायची, संध्याकाळी घेऊन जायची. मलाही ऑफिसनं त्या कामावर हजेरीला लावलं होतं.

मुकादमाला संशय आला. खायचं लपवून आणती बाई. एक दिवस दुपारच्या सुट्टीत तो ओरडला, "काय हाय त्यात? सोड!"

"बी हाय दादा. घरी मागं राखायला कुनी न्हाई."

"सोड म्हनतो ना!"

तिनं फडकं सोडलं. राख बाजूला सारली. खाली पांढरीशुभ्र जवारी.

शंभर-सव्वाशे माणसं असतील भोवती. सगळ्यांच्या पोटात कालचं काहीतरी. लहान लेकरं पुढं घुसलेली. मी मनात म्हणालो, संपलं, आता हिच्या हातात नुसतं गाडगं राहतंय. लिंबाजी उठून तिच्या मागं येऊन उभा राहिला.

एक म्हातारी, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेली, चाचपडत पुढं आली. गाडग्यात बोटं बुडवली. दाणा दोन बोटांत फिरवून पाहिला. हात झटकला, नखात अडकलेलासुद्धा परत टाकला, आणि म्हणाली, "बांध बाई तोंड. वारं लागंल."

मुकादम म्हणजे काय माणूस सांगू, शिवीशिवाय नाव घ्यायचा नाही. त्या दिवसापासून पाण्याच्या रांजणाशेजारी सावलीत गाडग्याची जागा झाली. दुसऱ्या कुणी तिथं टोपली ठेवली तर मुकादम धावून यायचा. "ए, सरक! दिसंना व्हय?"

*

त्र्याहत्तरला पाऊस चांगला लागला. आणि सरकारची गाडी आली! आली म्हणून मी गावात मिरवलो. बी वाटलं, लोकांनी पेरलं. उगवलं शंभरात पाच. कुठल्या गोदामात किती दिवस पडून होतं, देवाला ठाऊक. मी चावडीपुढं उभा, आणि लोक माझ्याकडं बघतायत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एकेक जण सुंदराबाईच्या दाराकडं जायला लागला.

लिंबाजीमामा त्या उन्हाळ्यात गेला होता. घरात ती एकटी. दारात गाडगं घेऊन बसली आणि घरटी एक चिपटं द्यायला लागली. चिपटं म्हणजे पावशेराचं माप. रानाचा एक कोपरा पेरता येईल, तेवढंच. पुढल्या साली त्याचं बी होईल. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. बदल्यात काही घेतलं नाही. फक्त म्हणायची, "सगळं खाऊ नका. चांगली कणसं खुडून ठिवा."

शेवटी पाटील आले. लांब उभे राहिले. उपरणं दोन्ही हातांनी पसरलं.

आता एक सांगायला पाहिजे. सुंदराबाईची सासू पाटलांच्या खळ्यावर असंच पदर पसरून उभी राहायची आणि वरून दाणे टाकले जायचे. शिवता कामा नये म्हणून. ते दोघांनाही ठाऊक, बघणाऱ्या सगळ्यांना ठाऊक.

सुंदराबाईनं चिपटं गाडग्यात ठेवून दिलं. म्हणाली, "असं उभ्यानं न्हाई पाटील. आत या. च्या घ्या. मग देते."

वीसेक माणसं होती. पाटलांच्या कानशिलाची शीर दिसत होती मला. मग पाटलांनी वहाणा काढल्या, त्या बुटक्या दारातून वाकून आत गेले आणि घोंगडीवर बसले. तिनं गुळाचा कोरा चहा केला. पाटील बशीत ओतून फुंकून प्याले.

पाटील जन्मभर तिला "ए सुंदरे" म्हणत आले होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "सुंदराबाई, अजून अर्धा कोप असंल का?"

नंतर त्यांनाही एकच चिपटं मिळालं.

*

एक राहिला. पाटलांच्या चहाच्या आधीचा, त्याच उन्हाळ्यातला. चहाच्या टेबलावर कधी सांगितला नाही.

रेशनवर तेव्हा मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल जवारी. आमच्याकडं जनावरालासुद्धा कुणी घातली नसती, पण तिनंच जीव वाचवले, खोटं कशाला बोलू. तिची भाकरी लाल व्हायची आणि थापताना फाटायची. वर्षभर गावानं तीच खाल्ली.

गिट्टी फोडता फोडता लिंबाजीमामाच्या छातीत धूळ बसली. आधी खोकला, मग ताप, मग बाज. डॉक्टर म्हणाले, आता काय पाहिजे ते खाऊ घाला. मी बघायला गेलो. मामा हाडकुळा होताच, आता बाजेवर नुसतं धोतर पडल्यासारखा. मला म्हणाला, "साहेब, एकदा आपल्या जवारीची भाकर खावी वाटायलीय."

सुंदराबाई चुलीपुढं होती. मान न वळवता म्हणाली, "गाडग्यातलं न्हाई."

"मी कुटं गाडग्यातलं म्हनलो?"

शिंकं त्याच्या बाजेपासून दोन हातांवर होतं.

मी म्हणालो, "मामा, मी आणतो. शेरभर जवारी मिळणार नाही असं होईल का?"

गंगाखेडला फिरलो. नाही. सोनपेठचा आठवडी बाजार पालथा घातला. लाल मिलो होती, काळी हायब्रीड होती. एक व्यापारी मला ओळखत होता. तो म्हणाला, "गावरान? साहेब, तुमीच तर बंद करायला लावली!" तो चेष्टा करत नव्हता, खरंच आश्चर्य वाटलं होतं त्याला. परभणीच्या मोंढ्यातला धान्यबाजार झाला. शेवटी एस.टी.नं जिंतूरला गेलो. तिथं एका गल्लीत एका बाईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि घरातून दोन शेर काढून दिली. परतीच्या एस.टी.त ती पिशवी मी मांडीवर धरून बसलो. माझ्या हातून आयुष्यात एक तरी नीट काम होतंय असं वाटत होतं.

पोचलो तेव्हा दुपार होती. सुंदराबाईनं जवारी सुपात ओतली. एक दाणा दाताखाली फोडला. म्हणाली, "आपल्याच जातीची हाय. कीड न्हाई." आणि सूप घेऊन मामाजवळ गेली.

मामानं मूठभर घेतली आणि बोटांमधून हळूहळू सुपात सोडली. मग तिच्याकडं बघितलं.

"उगवंल?"

"उगवंल."

"मग टाक गाडग्यात."

मी ओरडलो. अक्षरशः ओरडलो, आजारी माणसापुढं. "मामा, ही खायला आणलीय! चार गावं फिरलो मी! गाडग्यातली वेगळी, ही वेगळी! मावशी, तुम्ही दळा ती!"

दोघांपैकी कुणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं गाडगं उतरवलं, फडकं सोडलं, सुपातली जवारी आत ओतली, राख घातली, तोंड बांधलं, शिंक्यात ठेवलं. मग रेशनचं पीठ काढलं. चूल पेटवली. भाकरी थापली, भाजली, जर्मनच्या ताटलीत मीठ-मिरची घालून मामापुढं ठेवली आणि त्याला पाठीमागून आधार देऊन बसवलं.

मामा एकेक घास सावकाश चावत होता. अर्धी झाल्यावर थांबला. म्हणाला, "लय दिसांनी आपल्या जवारीची खाल्ली बघ."

"आनखी घ्या की."

"दे. गोड लागायलीय."

मी समोरच बसलो होतो. भाकरी लालभडक होती.